शब्दांची सोबत: आयईएलटीएससाठी कोलोकेशन शिकताना

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या तयारीला लागले तेव्हा आपली शब्दसंपत्ती अपुरी आहे असे मला वाटत नव्हते, आणि आजही वाटत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख शब्दकोश न उघडता वाचून होत असे. रीडिंगच्या सराव परीक्षेत साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवताना अडलेच, तर ते वेळेमुळे किंवा प्रश्नाच्या आडवळणामुळे, शब्दामुळे क्वचितच. रायटिंगचा बँड, म्हणजे गुणश्रेणी, मात्र साडेसहापाशी येऊन थांबे आणि काही केल्या पुढे सरकत नसे. व्याकरण घोटून झाले, निबंधाची रचना सुधारून झाली, अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून झाल्या, तरी साडेसहा कायम राहिले.

कारण उमगले ते माझे निबंध तपासणाऱ्या शिक्षिकेच्या एका पद्धतीमुळे. व्याकरणाच्या चुकेखाली त्या लाल रेघ ओढत. आणि वाक्य नियमाने बरोबर असूनही सरावाने इंग्रजी लिहिणारा माणूस तसे कधी लिहिणार नाही, अशा जागी हिरवी. गुन्हेगारीवरच्या माझ्या एका निबंधात लाल रेघा मोजक्याच होत्या, हिरव्या मात्र पानभर. ‘डू अ क्राइम’च्या जागी ‘कमिट अ क्राइम’, ‘स्ट्राँग पनिशमेंट’च्या जागी ‘सिव्हिअर पनिशमेंट’, ‘लर्न नॉलेज’च्या जागी ‘गेन नॉलेज’ असे त्यांनी समासात लिहिले होते. यातला एकही शब्द मला नवा नव्हता. ‘कमिट’ ओळखीचा होता, ‘सिव्हिअर’ही ओळखीचा होता, फक्त ते कोणाच्या शेजारी बसतात, याकडे मी कधी पाहिले नव्हते.

परीक्षेच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. रायटिंगचे गुण चार निकषांवर समान वाटलेले असतात आणि त्यांपैकी एक निकष शब्दसंपत्तीचा आहे. या निकषाचे बँडनिहाय वर्णन सर्वांसाठी खुले असते. त्यातल्या सात बँडच्या वर्णनात शैलीची आणि कोलोकेशनची, म्हणजे कोणता शब्द कोणाशेजारी बसतो याची, जाण दिसावी, असा स्पष्ट उल्लेख आहे. आठ बँडच्या वर्णनातही शब्दनिवडीच्या आणि कोलोकेशनच्या क्वचित चुका चालतील, अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. मी ते वर्णन पूर्वीही वाचले होते, पण ‘कमी वापरात असलेले शब्द’ एवढाच भाग माझ्या डोक्यात राहिला होता आणि म्हणून मी जडजंबाल शब्द गोळा करत सुटले होते.

कोलोकेशन म्हणजे शब्दांची रूढ सोबत. कल्पना तशी जुनी आहे. हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने जपानमध्ये काम करत असताना १९३३ साली इंग्रजी कोलोकेशनवर एक अहवाल तयार केला होता, आणि पुढे १९५०च्या दशकात जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवली. आपल्याला हा प्रकार मुळीच अपरिचित नाही. मराठीत पाऊस मुसळधार, ऊन रणरणते, चांदणे टिपूर आणि थंडी कडाक्याची असते. काळोख मिट्ट असतो आणि प्रकाश लख्ख. मुसळधार चांदणे का म्हणू नये, याचे उत्तर कोणतेही व्याकरण देत नाही, आणि तरीही लहान मूल तसे म्हणत नाही. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’ आणि धुके ‘थिक’ असते. त्यांची अदलाबदल केली तर अर्थ कळतो, पण ऐकणारा क्षणभर अडखळतो. परीक्षकाचे असे क्षणोक्षणी अडखळणे म्हणजेच माझा साडेसहा बँड होता.

सुरुवात याद्यांपासून केली. पर्यावरण, शिक्षण, आरोग्य, तंत्रज्ञान अशा विषयांनुसार कोलोकेशनच्या तयार याद्या भरपूर मिळतात. त्या वाचताना फार प्रगती होत असल्यासारखे वाटते, कारण प्रत्येक जोडी वाचताच समजते. लिहायला बसल्यावर मात्र त्यातले जवळजवळ काहीच हाताशी येत नसे. शिवाय ‘प्रॉब्लेम’च्या सोबत ‘सॉल्व्ह’, ‘टॅकल’, ‘ॲड्रेस’ ही क्रियापदे एकाच ओळीत पाठ केली, की ती एकमेकांत मिसळून जात आणि ऐन वेळी त्यांतले एकही ठामपणे लिहिता येत नसे. सारख्या अर्थाचे शब्द एकत्र पाठ करण्याचा हा तोटा पुढेही मला वारंवार जाणवला. त्यामुळे तयार यादी मी आता केवळ पडताळणीसाठी वापरते. शिकण्यासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

खरा उलगडा एका साध्या प्रयोगातून झाला. एखाद्या लेखातला परिच्छेद नीट वाचायचा, मिटवून ठेवायचा, आणि थोड्या वेळाने केवळ आशय आठवून तोच परिच्छेद आपल्या शब्दांत नव्हे, तर शक्य तितका मूळ शब्दांत पुन्हा लिहायचा. शहरातल्या वाहतुकीवरच्या एका मजकुरावर हे करून पाहिले. मजकुरात असे होते की नव्या नियमावर जोरदार टीका झाली, त्याने छोट्या व्यावसायिकांवर मोठा भार पडतो, आणि दोन्ही बाजूंनी समझोत्यावर यावे असा दबाव वाढतो आहे. मूळ इंग्रजीत टीकेसोबत ‘ड्रॉ’, भारासोबत ‘प्लेस’ आणि समझोत्यासोबत ‘रीच’ ही क्रियापदे होती. माझ्या कागदावर टीका ‘गॉट’ झाली होती, भार ‘पुट’ झाला होता आणि समझोता ‘डू’ झाला होता. ‘क्रिटिसिझम’, ‘बर्डन’, ‘ॲग्रीमेंट’ ही नामे तिन्ही जशीच्या तशी आठवली होती. त्यांच्या शेजारची क्रियापदे मी डोळ्यांनी वाचली होती, पण मनाने उचललीच नव्हती.

याचे कारण असे की वाचताना अर्थ लागला की नजर पुढे सरकते. ‘रीच ॲन ॲग्रीमेंट’ वाचताना समझोता झाला एवढे कळते आणि तेवढ्याने वाचकाचे काम भागते. ‘रीच’कडे थांबून पाहण्याचे काही कारणच उरत नाही. अनोळखी शब्द आपल्याला थांबवतो, ओळखीचा शब्द थांबवत नाही, आणि कोलोकेशन बहुतेक वेळा दोन ओळखीच्या शब्दांचीच असते. म्हणजे ज्याचे वाचन चांगले, त्याच्या नजरेतून या जोड्या निसटण्याची शक्यता अधिक. अनेक वर्षे इंग्रजी वाचूनही लिखाण कच्चे का राहते, हे कोडे माझ्यापुरते तरी इथे सुटले.

त्यानंतर वाचनाची रीत बदलली. अर्थासाठी एकदा वाचायचे आणि मग तोच मजकूर नामे धरून दुसऱ्यांदा वाचायचा: हे नाम कोणते क्रियापद घेऊन आले आहे, त्याच्या आधी कोणते विशेषण आहे, मागून कोणते शब्दयोगी येते. दुसरे वाचन कंटाळवाणे असते, हे मान्य केले पाहिजे. म्हणून ते मी एका वेळी एका परिच्छेदापलीकडे नेले नाही. वहीत काय उतरवायचे याचीही कसोटी हळूहळू ठरत गेली. जोडीतले दोन्ही शब्द मला आधीपासून माहीत असले पाहिजेत, तरीही मी स्वतः लिहिताना ती जोडी सुचली नसती असे असले पाहिजे, आणि ती एकाहून अधिक विषयांत चालली पाहिजे. ‘पोझ अ थ्रेट’, ‘रेझ अवेअरनेस’, ‘ड्रॉ अ कन्क्लूजन’, ‘मीट द नीड्स’, ‘वाइडली अव्हेलेबल’ या जोड्या या कसोटीत बसल्या. दिसायला आकर्षक पण एकाच विषयापुरत्या असलेल्या कितीतरी जोड्या मी सोडून दिल्या. उतरवताना जोडी पूर्ण उतरवायची, हेही महत्त्वाचे. ‘हॅव ॲन इम्पॅक्ट’ एवढेच लिहिले तर पुढचे ‘ऑन’ निबंधात हमखास चुकते. ‘ॲन’ आणि ‘ऑन’ यांच्यासकट सगळा तुकडा एकच शब्द असल्यासारखा लिहिला, की उपपदांच्या आणि शब्दयोगींच्या चुकाही आपोआप कमी होतात. मराठीत उपपदे नसल्यामुळे आपल्याला हा लाभ विशेष मोठा आहे.

मराठीचा विचार मुद्दाम करावा लागला. जिथे दोन्ही भाषांची सोबत जुळते, तिथे शिकण्यासारखे काही नसते: आपण सल्ला देतो, तेही ‘गिव्ह ॲडव्हाइस’ म्हणतात, आपण औषध घेतो, तेही ‘टेक’ करतात. जुळत नाही तिथेच पाय घसरतो. आपण परीक्षा देतो, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ लिहितो. आपल्याकडे हा प्रयोग इंग्रजीतही सर्रास चालतो, पण परीक्षकाला अपेक्षित ‘टेक’ किंवा ‘सिट’ असते. आपण लक्ष देतो, इंग्रजी ते ‘पे’ करते. आपण स्वप्न पाहतो, इंग्रजी ते ‘हॅव’ करते. वहीची शेवटची पाने मी अशाच जोड्यांसाठी राखून ठेवली, आणि परीक्षेपूर्वी सगळ्यांत जास्त वेळा उघडली गेली ती हीच पाने. मात्र मराठीशी जुळते म्हणून ते संशयास्पद, असेही नाही. निर्णय ‘घेतो’ म्हणून ‘टेक अ डिसिजन’ चुकीचे असावे अशी माझी समजूत होती. ब्रिटिश इंग्रजीत तो प्रयोग रूढ आहे, फक्त ‘मेक’ अधिक प्रमाणात आढळतो. संशय आला की तपासून पाहावे, हे बरे.

तपासण्यासाठी आज उत्तम साधने आहेत. १९८०च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली कोबिल्ड प्रकल्पात प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर गोळा करून त्यावरून शब्दकोश तयार केला गेला. तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक चांगल्या इंग्रजी शब्दकोशांतली उदाहरणे अशा साठ्यांच्या, म्हणजे कॉर्पसच्या, आधाराने निवडली जातात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे दहा कोटी शब्दांचा साठा आहे आणि त्यातला दहावा हिस्सा बोली इंग्रजीचा आहे. त्यात एखादा शब्द शोधला, की तो शब्द मध्यभागी आणि त्याचे शेजारी दोन्ही बाजूंना अशा ओळीच ओळी समोर येतात. स्केल नावाचे विद्यार्थ्यांसाठीचे मोफत संकेतस्थळ तर एखाद्या नामासोबत कोणती क्रियापदे येतात, कोणती विशेषणे येतात, हे थेट गटवार दाखवते.

‘कॉझ’ या क्रियापदाच्या अशा ओळी पाहिल्या तो अनुभव सांगण्याजोगा आहे. त्या ओळींत उजवीकडे ‘डॅमेज’, ‘प्रॉब्लेम्स’, ‘कन्सर्न’, ‘डिले’, ‘पेन’, ‘डेथ’ यांची रांग लागली होती. चांगली गोष्ट शोधून सापडणे कठीण. म्हणजे ‘कॉझ’चा कोशातला अर्थ जरी ‘घडवून आणणे’ असा तटस्थ असला, तरी त्याची संगत वाईट गोष्टींशी आहे, आणि शिक्षणामुळे प्रगती होते असे लिहिताना मी जिथे ‘कॉझ’ वापरत होते, तिथे त्या संगतीची छाया माझ्या वाक्यावर पडत होती. तिथे ‘लीड टू’ किंवा ‘ब्रिंग अबाउट’ शोभते. आपल्याकडे ‘कारणीभूत’ या शब्दाचीही साधारण हीच गत आहे. सत्कार समारंभात कोणी कोणाला यशास कारणीभूत ठरवले, तर जरा दचकायलाच होते. शब्दकोशाने हे मला कधी सांगितले नसते. ओळी शेजारी शेजारी पाहिल्यामुळेच ते दिसले.

कॉर्पस वापरताना एक पथ्य पाळावे लागते. जोड्यांची क्रमवारी दोन प्रकारे लावता येते: किती वेळा आढळते यावरून, किंवा दोन शब्दांचे एकमेकांवाचून किती अडते यावरून. दुसऱ्या प्रकारात दुर्मीळ, कुतूहल वाढवणाऱ्या जोड्या वर येतात आणि शिकणारा त्यांतच रमतो. परीक्षेसाठी पहिला प्रकारच कामाचा आहे.

लक्षात ठेवण्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात माझे असे काही नाही. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाच्या वेगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली कार्डांच्या कप्प्यांची पद्धत मांडली: बरोबर आले तर कार्ड पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात, चुकले तर पुन्हा पहिल्यात. मी तीच वापरली. फरक एवढाच केला की कार्डाच्या दर्शनी बाजूला इंग्रजी शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहिले आणि त्यातले सोबतीचे क्रियापद किंवा विशेषण गाळून केवळ त्याचे पहिले अक्षर ठेवले. वाचून ओळखणे आणि आपणहून आठवणे यांत जे अंतर असते, ते याद्यांनी भरून निघत नव्हते. रिकाम्या जागेने भरून निघाले. कार्ड बरोबर आले तरी त्याच जोडीचे माझ्या स्वतःच्या मताचे एक वाक्य लिहिल्याशिवाय ते पुढे सरकवायचे नाही, असा नियम होता. मतावर वाद घालता येईल असे वाक्य अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे.

ॲकॅडेमिक परीक्षेतल्या रायटिंगच्या पहिल्या भागासाठी, म्हणजे टास्क वनसाठी, फार वेळ द्यावा लागला नाही. आलेखाचे वर्णन करणारी भाषा मर्यादित आहे: ‘अ शार्प राइज’, ‘अ स्टेडी डिक्लाइन’, ‘रीच अ पीक’, ‘रिमेन स्टेबल’ अशा थोड्या जोड्या आणि त्यांचीच क्रियापदरूपे आली, की दीडशे शब्द निभावतात. अडीचशे शब्दांच्या टास्क टूला, म्हणजे निबंधाला, त्याच्या दुप्पट वजन असते, म्हणून मेहनत तिकडे वळवली.

स्पीकिंगची गोष्ट वेगळी निघाली. अकरा ते चौदा मिनिटांची ती मुलाखत, तीन भाग, मधल्या भागात एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे. निबंधासाठी कमावलेली वही इथे उघडली की बोलणे कृत्रिम होते. शेजाऱ्यांच्या आवाजाविषयी बोलताना कोणी ‘मिटिगेट द इम्पॅक्ट’ म्हणाले तर ते भाषण वाटते. इथे ‘लूज टच’, ‘कीप ॲन आय ऑन’, ‘मेक अ फस’, ‘कम इन हँडी’ यांसारख्या घरगुती जोड्या हव्यात, आणि त्या वर्तमानपत्रात नव्हे तर मुलाखतींत आणि गप्पांत सापडतात. मी वहीत प्रत्येक जोडीपुढे लेखी की बोली अशी खूण करू लागले. फोनवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकले, तेव्हा आणखी एक बदल ध्यानात आला. पूर्वी माझा विराम क्रियापद आणि नाम यांच्या मधोमध पडत असे, म्हणजे ‘मेक’ म्हणून झाल्यावर पुढे काय, याचा शोध चाले. तुकडे पाठीशी जमल्यावर विराम तुकड्याच्या आधी सरकला आणि तुकडा एका दमात बाहेर येऊ लागला. विरामांची संख्या फारशी कमी झाली नव्हती. त्यांची जागा बदलली होती, आणि तेवढ्याने बोलणे सहज वाटू लागले.

मध्यंतरी उलट टोक गाठले गेले. ‘प्लेज अ व्हायटल रोल’ आणि ‘अ डबल-एज्ड सोर्ड’ हे दोन प्रयोग माझ्या जवळजवळ प्रत्येक निबंधात येऊ लागले. शिक्षिकेने आता त्यांच्याखाली तिसऱ्याच रंगाची रेघ ओढली. त्यांचे म्हणणे असे की पाठ केलेला तुकडा परीक्षकाला लगेच ओळखू येतो, कारण त्याच्या आजूबाजूचे वाक्य त्याच्या तोडीचे नसते; नव्या कापडाचे ठिगळ जुन्या सदऱ्यावर उठून दिसावे तसे. तंत्रज्ञानाची, पालकांची, सरकारची, सगळ्यांचीच भूमिका ‘व्हायटल’ असेल, तर काहीच सांगितल्यासारखे होत नाही. मग मी आशय आधी, जोडी नंतर हा क्रम लावला: वाक्यात काय म्हणायचे ते साध्या शब्दांत ठरवायचे, आणि त्यातल्या नामाला योग्य सोबत आहे की नाही एवढेच पाहायचे. आकर्षक जोडी हाताशी आहे म्हणून तिच्यासाठी वाक्य रचायचे नाही. निबंध यामुळे थोडे फिके दिसू लागले, हेही खरे. पण हिरव्या रेघा कमी झाल्या.

परीक्षेच्या दिवशी टास्क टूसाठीच्या चाळीस मिनिटांतली शेवटची चार-पाच मिनिटे मी राखून ठेवली आणि त्यांत व्याकरण न पाहता केवळ नामे पाहत गेले. प्रत्येक नामापाशी थांबून त्याचे क्रियापद कोणते, एवढाच प्रश्न. ‘इन्क्रीज द अवेअरनेस’ होते तिथे ‘रेझ अवेअरनेस’ केले. ‘गिव्ह ॲन इफेक्ट’ होते तिथे ‘हॅव ॲन इफेक्ट ऑन’ केले. एका जागी खात्री नव्हती, तिथे नामच काढून टाकून सरळ क्रियापदाने वाक्य लिहिले. खात्री नसलेल्या जोडीपेक्षा साधे क्रियापद केव्हाही सुरक्षित असते, आणि ही पळवाट मला सरावात फार उशिरा सुचली.

रायटिंगचा बँड सात आला. अर्धा बँड ऐकायला कमी वाटतो, पण मला अर्जासाठी नेमका तेवढाच हवा होता. अनपेक्षित वाढ झाली ती लिसनिंगमध्ये, ज्यासाठी मी हे काही केलेच नव्हते. त्या भागात टिपणातल्या रिकाम्या जागी ऐकलेला एखाद-दुसरा शब्द भरायचा असतो आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. जागेच्या आधी ‘कंडक्ट अ’ असे छापलेले दिसले, की पुढे ‘सर्व्हे’ किंवा ‘स्टडी’ असे काहीतरी येणार हे कान आधीच ताडून ठेवतात, आणि बोलणारा तो शब्द घाईत गिळून टाकत पुढे गेला तरी तो हातून सुटत नाही.